मंदारची वेळ

या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो, हे आधीच सांगून टाकतो. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, पिंपळावरचा मुंजा... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही फारसा नाही. धंद्याने मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, ठाण्यात छोटासा गाळा आहे. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "अहो, आपोआप बंद पडला," तेव्हा मी जाऊन आधी प्लग बघतो आणि बहुतेक वेळा तो सैल असतो. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली ऑफिसंही मी पाहिली आहेत. लिंबू वाळतं, व्हायरस यायचा तो येतोच.

मशीन आपोआप काही करत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली अक्कल. मग हे लिहायला का बसलो? कारण एका मशीनने केलं. मी स्वतः मदरबोर्ड बसवलेल्या, मी स्वतः विंडोज टाकलेल्या मशीनने. आणि ते मशीन माझ्या मामेभावाचं होतं, मंदारचं.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मामाचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर आणि बंद करून घेतलेली गॅलरी. मामा आंबिवलीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेला, मामी घरीच. मंदार एकुलता एक, माझ्याहून थोडा लहान, नोकरीला ठाण्यात. हॉलच्या कोपऱ्यात त्याचा कॉम्प्युटर, आणि समोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, गोल पांढरं घड्याळ.

ज्यांनी डोंबिवलीत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, तिथे कुठल्याच घरातलं घड्याळ बरोबर नसतं. पुढे असतं. मुद्दाम. कामावर जाणाऱ्याची गाडी चुकू नये म्हणून. पण त्यात एक गोम आहे. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे माणूस घड्याळाकडे बघतो, मनातल्या मनात दहा वजा करतो आणि निवांत दाढी करत बसतो. शेवटी गाडी चुकायची ती चुकतेच.

मंदारने यावर तोड काढलेली. घड्याळ किती पुढे आहे हे तो कोणाला सांगायचाच नाही. "सांगितलं की तुम्ही वजा करता," म्हणायचा. "वजा करायचं नाही. घड्याळात दिसते ती वेळ." कोणी बातम्यांच्या वेळेशी पडताळून आकडा काढलाच, तर दुसऱ्या दिवशी काटा गुपचूप हललेला असायचा. पुढे कॉम्प्युटर घेतला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळातही त्याने तीच वेळ लावली, कारण घरात दोन वेगवेगळ्या वेळा दिसल्या की लोक तुलना करतात.

मामी वैतागायची. "अरे, माझ्या घरात खरे किती वाजले ते मला कळू नये?"

"तुला कशाला खरी वेळ हवी? तुला काय ऑफिस गाठायचंय?" असं म्हणून हा तिच्या गळ्यात पडायचा आणि ती त्याला लटकंच ढकलायची. पण वैतागली तरी घर चालायचं मंदारच्याच वेळेवर. कुकर, पाणी भरणं, मामाची बीपीची गोळी, सगळं.

एप्रिलमध्ये मंदार गेला. माजिवड्याला, हायवेवर. मित्राच्या स्कूटरवर मागे बसलेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ओळख पटवायला मला नेलेलं, एवढंच सांगतो. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. वरातीत सगळ्यात जास्त नाचला तो हाच.

घर कसं होतं त्यानंतर, ते ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना कळेल. टीव्हीवर मामीने जुनी चादर टाकली ती टाकलीच. रेडिओ कपाटावर गेला. मामा-मामीचं बोलणं आटत गेलं. आम्हाला वाटलं, दुःख आहे, काळ हेच औषध. पण पावसाळ्याच्या मध्यावर मामी मामाशी बोलेनाशीच झाली. ताट वाढायची, गोळी तळहातावर ठेवायची, पण शब्द नाही. आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. मंदारने तिला चालू आणि बंद करायला शिकवलेलं, त्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. नुसती त्या हिरवट-निळ्या पडद्याकडे बघत बसायची, हातात निवडायचा तांदूळ घेऊन.

मामा मला दुकानात फोन करायचा. "संजू, तो डबा घेऊन जा रे इथून. खुळी होईल ती." मी टाळत राहिलो. नेऊन करणार काय होतो?

मग दसरा आला. वर्षाच्या आत म्हणून घरात सण नव्हता. ना तोरण, ना गोड. पण मंदार दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करायचा. कीबोर्डवर झेंडूचं फूल, मॉनिटरला कुंकवाचं बोट, "हीच आमची शस्त्रं" म्हणून. मामीला वाटलं, सण नको तर नको, पण ह्याची पूजा कशी चुकवायची? मामा खाली गेल्यावर तिने ताम्हन काढलं. आता मंदारची एक सवय अशी, की कॅबिनेटचं झाकण तो कधी लावायचाच नाही. "गरम होतो" म्हणायचा. खरं कारण वेगळं, रोज काहीतरी उघडणारा माणूस स्क्रू कुठे पिळत बसणार! झाकण तो गेल्यावरही तसंच गॅलरीत पडलेलं. मामीने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि फूल पाण्यात बुडवून चार थेंब शिंपडले. चालू मशीनवर. उघड्या बोर्डावर.

फोन मामीचा आला. ती सहसा स्वतः फोन करायची नाही. "संजू, मी त्याला मारलं रे," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. दुकान तसंच शेजाऱ्याच्या हवाली करून मी डोंबिवली गाठली.

बोर्डावर कुंकवाचा ओला लगदा, चिप्सच्या मधे अक्षता, बॅटरीजवळ काळा डाग. जळल्याचा वास अजून घरात होता. मामी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी.

"होईल ना रे?"

"होईल गं. बोर्ड बदलायला लागेल. हार्ड डिस्कला काही झालेलं नाही, म्हणजे मंदारचं जे काय आत आहे ते सगळं आहे."

तिला नक्की काय हवं होतं ते मी विचारलं नाही. फोटो असतील, त्याने टाइप केलेलं काही असेल, असं धरून चाललो.

मशीन मी ठाण्याला दुकानात आणलं. ब्रशने कुंकू झाडलं आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं, फेकवेना. जुन्या बोर्डात धुगधुगी नव्हती. नवा बसवला. त्या काळात बोर्डाला पॉवरचे दोन कनेक्टर शेजारी शेजारी लागायचे आणि दोघांच्या काळ्या वायरी मधे एकमेकींना लागून याव्या लागायच्या. उलटं लागलं की नवा बोर्डही गेला. हे मला मंदारनेच शिकवलेलं. धंदा माझा आणि शिकवणारा तो! मी कनेक्टर हातात घेतले की हमखास मागून ओरडायचा, "काळ्याला काळा रे, संज्या." त्या दिवशी ते मीच मोठ्याने म्हणालो. समोरचा झेरॉक्सवाला मान वर करून बघायला लागला.

बोर्ड बदलला की जुनं विंडोज नीट चालत नाही. ते जुन्या बोर्डाच्या हिशोबाने बसलेलं असतं, मधेच अडकतं, निळा पडदा दाखवतं. त्यामुळे आमची पद्धत ठरलेली. डेटा दुसऱ्या डिस्कवर काढायचा, डिस्क फॉरमॅट करायची आणि विंडोज नव्याने टाकायचं. मी मंदारचे सगळे फोल्डर उतरवून घेतले, एकेक उघडून खात्री केली आणि मगच फॉरमॅट दिला. टक्के पुढे सरकताना मला रडू आलं. का ते नीट सांगता येणार नाही. मागे सगळं काढून ठेवलंय हे माहीत असूनही आलं.

विंडोज टाकताना मालकाचं नाव विचारतात. बोटांनी आपसूक मंदारचंच टाइप केलं. सगळं झाल्यावर शेवटी तारीख-वेळेची खिडकी येते, जगाच्या नकाशाची. इथे एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागेल. कॉम्प्युटरची वेळ हार्ड डिस्कवर नसते. ती बोर्डावर असते, रुपयाएवढ्या बॅटरीवर चालते. नवा बोर्ड म्हणजे कोरं घड्याळ, जुन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीवर उभं होतं. मी माझ्या मनगटावर बघून बरोबर वेळ लावली. माझं घड्याळ रेडिओशी जुळवलेलं असतं, ती माझी खोड आहे.

रविवारी मशीन डोंबिवलीला नेऊन जोडलं. मंदारचा फोटो पडद्यावर लावून ठेवलेला, मामीला बरं वाटेल म्हणून. ती पदराला हात पुसत आली. फोटोकडे तिने पाहिलंही नाही. तिची नजर थेट खाली, उजव्या कोपऱ्यात गेली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पुन्हा कोपऱ्यात.

"गेली," ती म्हणाली.

"काय गेलं, मामी? सगळं आहे बघ, हे त्याचे फोल्डर..."

"वेळ गेली. त्याची वेळ होती ती."

ती खुर्चीत बसली आणि बोलायला लागली. एप्रिलपासून इतकं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. "भिंतीवरचं घड्याळ पावसाळ्यात बंद पडलं. सेल संपला. ह्यांनी दुसरा घातला आणि वेळ लावली. बरोबर वेळ. मला विचारलंसुद्धा नाही. अरे, तो गेला तरी ते घड्याळ चालत होतं, त्याने लावलेलं. मी त्याच्यावर बघून कुकर लावायचे. मला वाटायचं, आहे, हे एवढं तरी आहे. ते पण पुसून टाकलं." मग पडद्याकडे हात केला. "नंतर मला दिसलं, ह्याच्या कोपऱ्यात ती अजून आहे म्हणून. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही ती पण बरोबर केली असती."

मी माऊस हातात घेतला. "किती पुढे होती? आकडा सांग, आत्ता लावतो."

"मला काय माहीत?"

"अगं, रोज बघत होतीस ना?"

"बघत होते. वजा नाही केलं कधी." ती माझ्याकडे असं बघत होती की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतोय. "करायचं नाही म्हणाला होता ना तो."

मागे चप्पल वाजली म्हणून वळून पाहिलं. मामा दारात उभा, हातात दुधाची पिशवी. सगळं ऐकलेलं असणार. म्हणाला, "घरात बंद घड्याळ ठेवू नये म्हणतात. म्हणून लावलं गं." मामी उठली आणि आत गेली. मामा ती पिशवी धरून तसाच उभा राहिला, शेवटी मीच ती त्याच्या हातातून घेतली. दोन माणसं उरली होती त्या घरात आणि तीही अशी. मला इतकं वाईट मंदारच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

दुकानात येऊन मी जुना बोर्ड पुन्हा तपासला. उगाच. बॅटरी भाजलेली, घड्याळ केव्हाच थांबलेलं. त्यातून काही निघणार नव्हतं.

आणि मग तीन-चार दिवसांनी मामीचा फोन.

"संजू, ती परत आली."

कोण परत आली हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. वाटलं, मामा म्हणत होता ते खरं झालं, मामीचं डोकं फिरलं. दुपारीच गेलो. पडद्याचा कोपरा बघितला, माझं मनगट बघितलं. कॉम्प्युटर पुढे होता.

मी हार्डवेअरवाला. माझं पहिलं निदान तयार होतं, क्रिस्टल खराब. बोर्डावर एक क्रिस्टल असतो, तो घड्याळाला ठेका देतो. ठेका चुकला की घड्याळ पळतं. पण पळणारं घड्याळ पळतच राहतं, आज इतकं, उद्या त्याच्या दुप्पट. मी तासभर समोर बसलो. हे पळत नव्हतं. जेवढं पुढे होतं तेवढंच राहून बरोबर चालत होतं, माझ्या सेकंदकाट्याला काटा लावून. मी ते पुन्हा बरोबर केलं आणि बघत बसलो. काही झालं नाही. मामीने जेवायला हाक मारली. स्वयंपाकघरात आम्ही तिघंही एकत्र बसलो. मामा माझ्या डावीकडे, मामी समोर, पोळी गरम वाढायला मधे उठायची ती गॅसपर्यंतच. हॉलमध्ये कोणी गेलं नाही, दाराला आतून कडी. हात धुऊन बाहेर आलो तर कोपऱ्यातली वेळ पुढे. आणि किती? मघाशी होती तितकीच.

भीती नाही, राग आला होता मला. आपल्या हातातलं काम आपल्याला फसवतंय असं वाटलं की जो येतो तो.

त्यानंतर मी काय काय केलं विचारू नका. बॅटरी बदलली. तो बोर्डच काढून दुसरा, वेगळ्या बनावटीचा बसवला, विंडोज पुन्हा पहिल्यापासून टाकलं. माझ्या दुकानात आठवडाभर चालू ठेवलं तर घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर. डोंबिवलीला आणून जोडलं की चहा होईपर्यंत पुढे. दर वेळी तितकंच. डोंबिवलीच्या लाइटला दोष द्यावा म्हटलं तर हे घड्याळ लाइटवर चालतच नाही.

मामीला यातल्या कशाचं नवल नव्हतं. "हीच ती," म्हणाली. "रोज बघत होते, मला कळणार नाही?"

मग मला मामाचा संशय आला. साहजिक आहे. जेवताना तो माझ्या शेजारी होता हे खरं, पण माणूस काहीतरी युक्ती करतो. बायको बोलत नाही, तिच्यासाठी म्हातारा काहीही शिकेल. मी त्याला खाली टपरीवर नेलं. "मामा, तू करतोयस का? करत असलास तर चांगलंच आहे. मी कोणाला सांगणार नाही."

तो आधी हसला. "मला तो उंदीर धरता येत नाही रे." मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि आलं असतं ना, तर मी पहिल्या दिवशीच केलं असतं. पण लावणार किती? मला कुठे माहीत आहे? तो मला पण सांगायचा नाही." एवढं बोलून तो भर रस्त्यात रडायला लागला. टपरीवाल्याने तोंड फिरवलं. मी मामाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि माझा संशय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा मामाने भिंतीवरचं घड्याळ खाली काढलेलं होतं आणि ते छातीशी धरून तो कॉम्प्युटरसमोर उभा होता.

"अगं, ये जरा," त्याने आत बघून हाक मारली. "मला हे बारीक दिसत नाही. तू वाच, मी लावतो."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग मामी आली. पडद्याजवळ वाकून तिने वेळ वाचली, माझ्याकडे बघून, मामाकडे नाही. मामाने घड्याळाच्या पाठीमागचं चाक फिरवलं. जरा पुढे गेलं, मामीने हाताने खूण केली, त्याने मागे घेतलं. मग तो स्टुलावर चढला. ते स्टूल आधीच डुगडुगतं. मामीने ते दोन्ही हातांनी धरलं.

"सावकाश," ती म्हणाली. त्याला.

मामाने घड्याळ खिळ्याला अडकवलं. अडकवून झालं तरी तो खाली उतरला नाही, भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. मामीनेही स्टूल सोडलं नाही.

माणसाची खोड जात नाही म्हणतात तसं मी निघण्याआधी पुन्हा एकदा कॉम्प्युटरची वेळ बरोबर केली. बघू तरी, म्हणून. मामीला विचारून केली. ती म्हणाली, "लाव. आता भिंतीवर आहे." आम्ही चहा घेतला. वेळ हलली नाही. मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो, मामीला भाजी चिरून दिली, मामाबरोबर खाली चक्कर मारून आलो. नाही. कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या मनगटाशी जुळून चाललं होतं, एखाद्या साध्या कॉम्प्युटरचं चालावं तसं.

मामी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"गेला का रे?"

मान हलवली असेन.

"आत्ता गेला," ती म्हणाली आणि जमिनीवर बसून जी रडली, तशी ती एप्रिलमध्येही रडली नव्हती. मामा हळूच तिच्या शेजारी येऊन बसला. तिने त्याला बसू दिलं. मी दार ओढून घेतलं आणि निघालो.

तोच बोर्ड, तेच घर, तेच विंडोज. पण त्यानंतर ते घड्याळ एकदाही पुढे गेलं नाही. पुढे मशीन जुनं झालं, मामाने भंगारात द्यायच्या आधी मला विचारलं, मी म्हटलं देऊन टाक.

आता राहिलं एकच. माझं केळवण मामाकडे झालेलं, मंदार जायच्या आधीच्या हिवाळ्यात. मंदारने कोणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणलेला आणि संध्याकाळभर तोच शूटिंग करत होता. त्यामुळे अख्ख्या कॅसेटमध्ये तो कुठेच दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याच्या मागून त्याचा आवाज येतो. ती कॅसेट लावायची आमची हिंमत होत नव्हती. या सगळ्यानंतर पुष्कळ दिवसांनी एकदा बायकोने लावली. मामी ताटाभोवती रांगोळी काढतेय, मामा पाट मांडतोय, मागून मंदार म्हणतो, "नवरदेव, पोट आत घ्या." कोपऱ्यात टीव्ही चालू आहे, त्यावर सातच्या बातम्यांचं संगीत सुरू होतं. आणि टीव्हीच्या वर, फ्रेममध्ये अगदी स्वच्छ, ते गोल पांढरं घड्याळ.

मी कॅसेट तिथेच थांबवली आणि वजा केलं. तोच आकडा आला.

म्हणजे काय, ते मला माहीत नाही. एका मेलेल्या बोर्डाबरोबर गेलेली वेळ दोन नव्या बोर्डांवर कशी आली, आणि जी वेळ आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती ती बरोब्बर कशी आली, हे मी माझ्या धंद्यातल्या भल्याभल्यांना विचारून पाहिलंय. कोणी म्हणतं बोर्डच सदोष होते, कोणी म्हणतं घरातल्यांपैकीच कोणीतरी. मीही गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं. मी तिथे होतो, म्हणून तसं सांगत नाही, इतकंच.

मामा गेला, त्याच्यामागून दोन वर्षांत मामी गेली. शेवटपर्यंत दोघं बोलत होती, भांडतही होती. डोंबिवलीचं घर आवरताना मी दुसरं काही आणलं नाही, भिंतीवरचं ते घड्याळ तेवढं आणलं. आता ते ठाण्याला आमच्या हॉलमध्ये आहे. सेल संपत आला की संपायच्या आधीच मी बदलतो आणि वेळ लावतो, पुढची. बायको कधीकधी विचारते, नक्की किती पुढे आहे रे हे? पोरंही विचारतात.

मी सांगत नाही. तुम्हालाही सांगणार नाही. सांगितलं की माणसं वजा करतात.